चार जीबीचं लग्न

तमिळनाडूत लग्न बघायला गेलेल्या माणसाला लग्न सोडून सगळं दिसतं. मुहूर्ताच्या क्षणी वधूवर आणि पाहुणे यांच्यामध्ये तीन पाठी उभ्या असतात. एक फोटोग्राफरची, दुसरी व्हिडिओवाल्याची आणि तिसरी प्रखर दिवा उंच धरून उभ्या असलेल्या पोराची. नादस्वरम् आणि तविल एकदम टिपेला जातात, त्याला गट्टीमेळम् म्हणतात. त्यावरून मंगळसूत्र बांधलं गेलं असावं असा अंदाज करून लोक त्या तीन पाठींवर अक्षता टाकतात आणि जेवायला जाताना एकमेकांची समजूत घालतात, ‘व्हिडिओत बघू.’ व्हिडिओ यथावकाश येतो. जाड, चकचकीत कव्हरात येतो. कव्हरावर गुलाबाच्या पाकळ्यांतून वधूवर डोकावत असतात. आणि तो कुणीही बघत नाही. तो जपतात.

माझी आत्या लग्न होऊन सदाशिव पेठेतून तंजावरला गेली. तिचं सासर तिच्या आधी तीनशे वर्षं तिथे जाऊन बसलं होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरच्या गादीवर आले. त्यांच्यामागून जे कारकून, पुराणिक आणि कीर्तनकार कावेरीकाठी उतरले, त्यांतलं हे एक घर. आतोबा बँकेतून निवृत्त झालेले. घरात मराठी बोलतात, दाराबाहेर तमिळ, आणि रागावले की इंग्रजी. पत्र लिहायचं तर मराठी, पण तमिळ लिपीत. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त्यामुळे आतोबांच्या पोस्टकार्डात गाडी, काडी आणि खाडी यांत तिळमात्र फरक नसे. माझे वडील प्रसंग बघून वाचत. पुढे व्हिडिओच्या जगात ‘लॉसी कॉम्प्रेशन’ नावाचा प्रकार ऐकला तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. जागा वाचवायची, बारकावे सोडून द्यायचे आणि उरलेलं बघणाऱ्याने जुळवून घ्यायचं. आतोबांनी हे पंधरा पैशांच्या कार्डावर साधलं होतं.

तर आतोबांचा बीरो. पोलादी कपाटाला तिकडे बीरो म्हणतात. त्यात खालच्या खणात दागिन्यांचे रिकामे डबे, मधल्या खणात बँकेची रिकामी पासबुकं आणि वरच्या खणात माझ्या आत्येबहिणीचं लग्न. लग्न झालं २००४ साली. पहिल्यांदा हातात आली ती व्हीएचएस कॅसेट. व्हीसीआर बिघडल्यावर त्या कॅसेटच्या तीन व्हीसीडी करून घेतल्या. व्हीसीडीवर ओरखडे पडायला लागले तशी त्या तिन्हींची मिळून एक डीव्हीडी झाली. जुनं काहीही फेकलेलं नाही. एकाच लग्नाच्या तीन पिढ्या त्या खणात मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

व्हीसीडीत साधारण चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात, लग्न मावत नाही. पहिली तबकडी नेमकी जावयाने मंगळसूत्र हातात घेतल्यावर संपायची. मग कुणीतरी उठायचं, दुसरी तबकडी शोधायची, ती पुसायची. तोवर जावई हात वर करून तिष्ठत. त्या काळात त्यांना जो संयमी स्वभावाचा लौकिक मिळाला, तो अजून टिकून आहे.

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे चौपट. आतोबांच्या मते लग्नाची प्रत त्यामुळे चौपट सुधारली. प्रत्यक्षात स्टुडिओवाल्याने जुनंच चित्र ताणून बसवलं होतं. नाकाच्या जागी पूर्वी एक चौकोन होता, तिथे आता चार होते. नाक काही परत आलं नव्हतं. शिवाय ज्या ज्या स्टुडिओच्या हातून लग्न गेलं, त्या त्या स्टुडिओने आपलं नाव आणि फोन नंबर पडद्यावर ठेवून दिलेला. कॅसेटवाला खाली डावीकडे, व्हीसीडीवाला खाली उजवीकडे. डीव्हीडीवाल्याला दोन्ही कोपरे भरलेले दिसले म्हणून तो थेट आत्याच्या विहीणबाईंच्या कपाळावर. आत्याने याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मी पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिथे मी सुट्ट्यांचे अर्ज मंजूर करतो, पण हे तंजावरला कुणाला सांगून पटत नाही. मी चप्पल काढतो न काढतो तोच डबरा-टंबलरमधली कॉफी आणि ती डीव्हीडी एकाच ताटलीतून समोर आली.

“हें सगळें पेनड्राइव्हांत घाल,” आतोबा म्हणाले. “चिंगीच्या मुलांनीं बघायला पाहिजे.”

चिंगी म्हणजे वधू. ती न्यू जर्सीला असते आणि तिच्या मुलांना आईबापांचं लग्न बघण्याची इच्छा झाल्याचं आतोबांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. पण घरात डीव्हीडी चालवायला काही उरलं नव्हतं हे खरं. प्लेअर होता, त्याच्यावर तंजावरची मान डोलावणारी बाहुली ठेवलेली होती. प्लेअर बंद पडून बरीच वर्षं झाली, बाहुलीचं काम अजून चोख चालू आहे. नव्या लॅपटॉपांनीही तबकडीची खाच कधीच बुजवून टाकली. शेवटी शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आला, त्याच्याबरोबर तो पोरगाही आला आणि तो गेलाच नाही.

आतोबांनी तबकडी वेष्टीच्या सोग्याने गोल गोल पुसली. तबकडी मधून कडेकडे सरळ पुसायची असते. गोल पुसताना ओरखडा उमटला तर तो नोंदीच्या रेघेबरोबरच धावतो आणि सलग मजकूर खातो; आडव्या ओरखड्याने गेलेलं यंत्र आजूबाजूच्या आधारावर भरून काढू शकतं. हे मी सांगितलं. “चाळीस वर्षं चष्मा असाच पुसतों,” आतोबा म्हणाले. चष्म्याकडे बघून ते खरं वाटलं.

डीव्हीडी उघडली की लग्न दिसत नाही, दोन फोल्डर दिसतात. एक ‘ऑडिओ टीएस’, दुसरं ‘व्हिडिओ टीएस’. पहिलं रिकामं. आतोबांचा चेहरा पडला. “आवाज कुठें गेला?” आवाज दुसऱ्या फोल्डरात चित्राबरोबरच नांदत असतो. ही पहिली खोली डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या निराळ्या तबकडीसाठी राखलेली; ती तबकडी बाजारात आली, पण रुजली नाही. तरी कित्येक लग्नांच्या डीव्हीडीत ही रिकामी खोली रीत म्हणून बांधलेली असतेच. दुसऱ्या खोलीत गर्दी. व्हीओबी नावाच्या फायली, प्रत्येकी जास्तीत जास्त एक जीबीच्या. लग्न कुठेही आलेलं असो, एक जीबी भरला की सुरी चालते. मुहूर्ताचे असे दोन तुकडे झालेले. त्यांच्या जोडीला आयएफओ, म्हणजे कुठे काय आहे त्याची नोंद ठेवणारी फाइल. आणि बीयूपी, म्हणजे त्या नोंदीची नक्कल, मूळ नोंद खराब झाली तर असावी म्हणून. आतोबांना सगळ्या तंत्रज्ञानात हेच एक पसंत पडलं. बँकेत त्यांनी हयात असल्याच रजिस्टरांत काढली होती.

शेजारच्या पोराने इथे तोंड उघडलं. “अंकल, रिनेम. व्हीओबी काढायचं, एमपीजी लिहायचं. फिनिश.” आणि फाइलचं आडनाव बदलून त्याने ती चालवूनही दाखवली. त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. व्हीओबीच्या पोटात एमपीईजी-२ च असतं, त्यामुळे बरेच प्लेअर नाव बदलल्यावर निमूटपणे चालू लागतात. पण लग्न तुकड्यांचं तुकड्यांतच राहिलं आणि एका तुकड्याने आपली लांबी सव्वीस तास सांगितली. आतोबा म्हणाले, “जवळजवळ तेवढेंच झालें होतें.”

बीरोतून आणखी दोन तबकड्या निघाल्या. चिंगीने अमेरिकेतून पाठवलेले इंग्रजी सिनेमे, सील फोडलेले पण न बघितलेले. डीव्हीडीच्या व्यवहारासाठी कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले. अमेरिका पहिल्यात, आपण पाचव्यात, रशिया आणि बहुतेक आफ्रिकेच्या पंगतीला. पहिल्याची तबकडी पाचव्याच्या यंत्रात चालू नये अशी सोय. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला मात्र आपला विभाग पाच वेळा बदलण्याची मुभा असते. पाचव्यांदा जिथे असाल तिथले कायमचे रहिवासी. एवढी सवलत आपल्या आमदारांनाही नाही, म्हणजे कागदोपत्री तरी. याखेरीज या तबकड्यांना सांकेतिक कुलूप असतं. ते १९९९ साली उघडलं गेलं तेव्हा नॉर्वेच्या योन लेक योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव जगभर झालं. त्याच्यावर खटला भरला गेला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. आपण विकत घेतलेली तबकडी आपल्याच यंत्रावर बघणं हा गुन्हा कसा, असा साधारण मुद्दा होता.

“आपल्या लग्नाला कुलूप आहे?” आतोबांनी काळजीने विचारलं. लग्नाच्या डीव्हीडीला कुलूप नसतं. चोरालाही वेळेची किंमत असते.

मग हँडब्रेक. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर २००३ पासून जगभरच्या लग्नांना एका अवतारातून दुसऱ्या अवतारात ढकलतं आहे. त्याच्या चिन्हावर अननस आणि सरबताचा पेला आहे. का, ते विचारू नये. त्यात दर्जा ठरवणारा एक सरकता काटा आहे आणि त्याची गंमत अशी की आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. आतोबांनी माझ्या हातातून माउस घेऊन तो थेट एक्कावन्नावर नेला. “लग्न एकदांच होतें.” एक्कावन्नला वधूवर धुक्यात बोलणारे दोन खांब दिसतात. मी तो विसावर आणला, तेव्हा मी हात आखडता घेतला असं त्यांनी आत्याला तमिळमध्ये सांगितलं.

जुन्या टीव्हीसाठी चित्र अर्धं अर्धं पाठवत, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. तबकडीत ते तसंच साठवलेलं असतं आणि कॉम्प्युटर दोन्ही अर्धी एकदम दाखवतो. माणूस स्थिर असेल तोवर काही कळत नाही. हलला की कडांना फणीचे दात फुटतात. लग्नातला ऊंजल, म्हणजे वधूवरांना झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणण्याचा तमिळ सोहळा, आतोबांच्या घरानेही कधीचा उचललेला. चिंगी झोक्यावर पुढे येताना विंचरलेली यायची आणि मागे जाताना विस्कटलेली जायची. त्यावर ‘डीइंटरलेस’ नावाचा उपाय आहे, तो केला. दुसरा प्रश्न आकाराचा. डीव्हीडीतले ठिपके चौरस नसतात; बघताना त्यांना चारास तीनच्या चौकटीत बसवायचं असतं. ते न सांगता नव्या रुंद टीव्हीवर सोडलं तर सगळी मंडळी आडवी फुगतात. चाचणीत सगळी फुगलेली निघाली. आत्या चष्मा लावून बघत म्हणाली, “हे बरोबर वाटतंय, असंच ठेव.” मी दुरुस्त केल्यावर तिला विहीणबाई फारच बारीक वाटल्या.

बटण दाबलं. शेजारच्या पोराचा लॅपटॉप जुना. खाली पट्टी सरकू लागली आणि साडेतीन तास बाकी म्हणाली. एवढा वेळ पट्टीकडे बघत बसण्यापेक्षा आतोबांनी मला राजवाड्यात नेलं.

तंजावरच्या राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय हे रूपांतराचा नाद लागलेल्या माणसाचं घर आहे. दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने इंग्रजांनी राज्यकारभार आपल्याकडे घेतला. राजेसाहेबांच्या हाती किल्ला उरला आणि भरपूर वेळ. त्या वेळेचं त्यांनी सोनं केलं. काशीयात्रेला गेले तर परतताना पोथ्या आणि पोथ्यांच्या नकला घेऊन आले. देवनागरी ठशांचा छापखाना घातला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापवल्या. हस्तलिखितं पन्नास हजारांच्या घरात आहेत, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी. कागदाची आणि ताडपत्राची. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरायचं, वरून काजळी चोळायची, म्हणजे अक्षर उठून दिसतं. मग कीड लागू नये म्हणून गवती चहाचं तेल. इतकं करूनही ताडपत्र कधीतरी विरतंच, म्हणून ते विरायच्या आत दुसऱ्या ताडपत्रावर उतरवायचं. आपण आज कालिदास वाचतो तो मूळ प्रतीवरून नव्हे, नकलेच्या नकलेच्या नकलेवरून.

नकला करणारी माणसं पक्की व्यवहारी होती. पोथीच्या शेवटी ती एक ठरावीक बजावणी लिहून ठेवत. जसं दिसलं तसं उतरवलं आहे, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. लिहिता लिहिता पाठ मोडली, मान मोडली, तेव्हा ग्रंथ जपा. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. हँडब्रेकबरोबर येणाऱ्या परवान्याच्या लांबलचक कागदात नेमकं हेच आहे, आहे तसं घ्या आणि काही बिघडलं तर आम्हांला बोलू नका. फक्त मूर्खांचा उल्लेख तेवढा वगळला आहे, बहुधा वापरणाऱ्यांची संख्या घटू नये म्हणून.

मोडी कागदपत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे तिथे पडून आहेत, तंजावर दरबाराचे हिशेब, हुकूम, खर्चाची याद. आतोबांचे पूर्वज ते लिहिणाऱ्यांपैकी. आतोबांना मोडीचं अक्षर लागत नाही. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतले काही कागद तमिळमध्ये आणून छापले, तेव्हा कुठे आपल्या पणजोबांच्या पणजोबांचं मराठी म्हणणं काय होतं ते आतोबांना तमिळमधून कळलं. “बहुतेक तूप,” ते म्हणाले. “सारखें तुपाचेंच लिहिलें आहे.”

परतताना बृहदीश्वराच्या देवळात डोकावलो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ पायापासून तमिळ लेखांनी भरलेलं आहे. कोणी किती दिवे दिले, किती गायी दिल्या, नाचणाऱ्या बायकांना किती भात मिळायचा, सगळं दगडात. सरफोजीराजांनी ते बघितलं असणार आणि मराठ्यांनीच काय कमी करावं असं त्यांच्या मनात आलं असणार. १८०३ मध्ये त्यांनी भोसल्यांच्या कुळाची हकिकत आवाराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतली. हा मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख मानतात. तो उभ्याने वाचायचा, ऊन डोक्यावर घेऊन वाचायचा, मध्ये थांबायचं तर आपण कुठे होतो ते बोटाने धरून ठेवायचं. पण दोनशे वर्षं झाली, त्याला अजून कुणी नवं सॉफ्टवेअर मागितलेलं नाही. मी पुढ्यात उभा असेतो बरेच लोक आले, त्यांनी भिंतीशी उभं राहून आपापले फोटो काढले आणि गेले. भोसल्यांचं कुळही बघितलं जात नाही, जपलंच जातं.

घरी आलो तो पट्टी पूर्ण झालेली. आतोबांनी फाइलचा आकार बघितला आणि ते खुर्चीत बसले. डीव्हीडीवर चार जीबीहून जास्त असलेलं लग्न आता दीड जीबीचं होतं. “उरलेलें कुठें गेलें?” बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या आवाजातली ती जरब मी प्रथमच ऐकली.

मी समजावलं. डीव्हीडीचं एमपीईजी-२ हे नव्वदच्या दशकातलं. नवं एच.२६४ जास्त हुशार. न हलणारी गोष्ट जुनंही पुन्हा पुन्हा नोंदवत नसे, हे त्यात आणखी काटकसर करतं. मागची भिंत हलली नाही, तर ‘भिंत मघाचीच’ एवढं टिपून पुढे जातं. जे हलतं त्याचाच खर्च.

“म्हणजे अण्णांचा कांहीं खर्चच नाहीं?”

अण्णा म्हणजे आतोबांचे थोरले बंधू. ते पहिल्या रांगेत हातावर हात ठेवून मुहूर्तभर बसले होते आणि पापणीसुद्धा लवली नव्हती. माझ्या हिशेबाने अख्खे अण्णा दोन-चार केबींत आटोपले असावेत. उलट अक्षतांचा वर्षाव सुरू झाला की हजारो दाणे हजार दिशांना, सॉफ्टवेअरला कशाचीच पुनरावृत्ती सापडत नाही, आणि चित्र फुटून चौकोन चौकोन होतं. म्हणजे लग्नातला सगळ्यांत महाग भाग तांदूळ. आतोबांना हे अन्यायाचं वाटलं. अण्णांनी आहेरात सोन्याची साखळी दिली होती. अक्षता टाकून मागच्या दाराने जेवायला पळालेल्या मंडळींनी काय दिलं होतं तेही त्यांच्या ध्यानात होतं. “जो नुसता हलला त्याला जास्त जागा?” मी म्हटलं, आतोबा, हे व्हिडिओपुरतंच आहे असं नाही.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आतोबांनी पहिलं मिनिट बघितलं, त्यात गणपती फिरत होता. मग थेट शेवटचं मिनिट बघितलं, त्यात स्टुडिओचा फोन नंबर फिरत होता. सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक जुळली. पेनड्राइव्ह काढून त्यांनी दागिन्याच्या एका रिकाम्या डबीत ठेवला, डबी बीरोत ठेवली, बीरोला कुलूप घातलं. मधलं लग्न कुणी मागितलंच नाही.

मी फाइल चिंगीला पाठवून दिली. तिचं उत्तर तासाभरात आलं. अरे, छानच, पण मुलं तीन तास कुठली बघतात, तीस सेकंदांचं रील कर ना. आणि उभं कर.

उभं म्हणजे सोळाच्या उंचीला नवाची रुंदी. चारास तीनच्या चौकटीतून तेवढी पट्टी कापायची म्हणजे रुंदीचा निम्म्याहून अधिक भाग उडतो. मुहूर्ताच्या चित्रात डावीकडे नवरा, उजवीकडे नवरी. पट्टी डावीकडे सरकवली की चिंगी जाते. आत्या म्हणाली, मुलगी आपली आहे. पट्टी उजवीकडे सरकवली की जावई जातात. आतोबा म्हणाले, त्यांच्या आईला कळलें तर. शेजारच्या पोराने दोघांनाही अर्धं अर्धं घेऊन बघितलं. त्यात एक कान आणि एक नथ आली. शेवटी कुणाचाच कमीजास्तपणा नको म्हणून पट्टी बरोब्बर मधोमध ठेवायची असं ठरलं.

मधोमध भटजी होते. मंत्र त्यांचे सहायक म्हणत होते, हे स्वतः डाव्या हाताने होमात तूप सोडत होते आणि उजव्या हातातल्या नोकियावर कुणाला तरी तमिळमध्ये सांगत होते की इथलं दहा मिनिटांत उरकतंय, तुम्ही नारळ सोलून ठेवा. गट्टीमेळम् वाजतं, दोन्ही बाजूंनी दोन हात येऊन जातात, अक्षता पडतात आणि भटजी फोनवर हात धरून म्हणतात, काय? ऐकू येत नाही.

न्यू जर्सीच्या नातवंडांनी ते रील आतापर्यंत सगळ्या मित्रांना दाखवलंय. आणखी आहे का म्हणून विचारतात.